बिल एक, नग तीन: कुरिअर जोडणीच्या प्रकल्प नोंदी

८ एप्रिल २०२४, सोमवार

जळगाव एमआयडीसी. ठिबकची लॅटरल (शेतात अंथरायची नळी), ड्रिपर, जॉइनर, ग्रोमेट, व्हेंच्युरी, फिल्टर आणि थोडा मऊ पीव्हीसीचा होज पाइप बनवणारी कंपनी. इतकी वर्षं माल डीलरकडे जायचा, ट्रान्सपोर्टने, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर). आता सुट्या ऑर्डरी वाढल्यात. कुणाला परसबागेपुरता पाइपाचा एक कॉइल (गुंडाळी), कुणाला शंभर ग्रोमेट. व्हॉट्सअॅपवर येतात, वेबसाइटवरून येतात आणि कुरिअरने जातात.

मला सांगितलेलं काम असं: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल झालं की लेबल निघावं, कुरिअरचा नंबर बिलावर चढावा, गिऱ्हाइकाला मेसेज जावा. शेठच्या भाषेत, "तीन वेबसाइटींवर तेच ते टायपिंग बंद करा, ताई."

आज कोड लिहिला नाही. डिस्पॅचच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. बिलिंगच्या ताई बिल काढतात. बिल गोडाऊनमध्ये जातं. नाना माल काढतात, खोकी बांधतात, काट्यावर ठेवतात आणि बिलाच्या पाठीवर पेनने काहीतरी लिहितात. बिल परत ऑफिसात. मग ताई कुरिअरची वेबसाइट उघडून तोच पत्ता पुन्हा टाइप करतात, ए-फोर कागदावर लेबल छापतात, कात्रीने कापतात. गोडाऊनमध्ये ते चिकटपट्टीखाली जातं, बऱ्याचदा खोक्याच्या कडेवरून दुमडून. बारकोडच दुमडला तर कुरिअरवाल्या पोराचं स्कॅनर घेणार काय? तो हाताने नंबर मारतो आणि आकडा चुकतो.

बिलाच्या पाठीवर नाना लिहितात: "३ नग, १ गोल, ११.४". म्हणजे तीन पार्सलं, त्यातलं एक कॉइल, मिळून अकरा किलो चारशे. ही एक ओळ कंपनीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. टॅलीला बिल माहीत आहे, कुरिअरला खोकं माहीत आहे. या बिलाची खोकी किती आणि कोणती, हे फक्त नानांना माहीत. जोडायचं ते हे. लेबल छापणं हा त्यातला सोपा भाग.

उद्या पाडवा, सुट्टी.

१० एप्रिल, बुधवार

टॅलीशी बोलणं सुरू केलं. टॅलीप्राइम नेटवर्कवरून (एचटीटीपी) ठरलेल्या साच्यात (एक्सएमएल) लिहिलेल्या मागण्या घेतं, पोर्ट ठरलेला ९०००. तारखेची मर्यादा देऊन विक्रीची व्हाउचरं (बिलांच्या नोंदी) मागवता येतात. प्रत्येक व्हाउचरला कायमचा जीयूआयडी (ओळख क्रमांक) असतो आणि बदल झाला की वाढणारा ऑल्टर आयडीही असतो. मागच्या वेळी पाहिलेल्या ऑल्टर आयडीपेक्षा मोठा असेल तेवढंच घ्यायचं ठरवलं, सगळी डे-बुक (रोजची नोंदवही) दर वेळी उपसायची गरज नाही.

पार्टीच्या नावात "अँड"ची खूण असेल तर एक्सएमएलमध्ये ती नीट बांधून पाठवावी लागते, नाहीतर पूर्ण मागणी नापास. आपल्याकडे "अमुक अँड सन्स" आणि "तमुक अँड ब्रदर्स" किती आहेत ते यादी बघितल्यावर कळलं. कृषी केंद्र काढताना भावाला नावात घेतलं नाही तर घरात राहता येत नसावं.

पत्ता दोन ठिकाणी असतो: बिल कुणाच्या नावे आणि माल कुठे. डीलर जळगावच्या दुकानाच्या नावावर बिल घेतो आणि माल थेट यावलच्या शेतकऱ्याकडे टाकायला सांगतो. आपण माल जाणारा पत्ताच घ्यायचा. तो रिकामा असेल तरच बिलाचा.

परत टॅलीत काय लिहायचं यावर सीएंशी फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. म्हणजे माझा प्रोग्राम बिलाला जितक्या वेळा हात लावेल तितक्या वेळा ते एडिट लॉगमध्ये दिसणार. ठरलं असं: प्रोग्रामला स्वतःचं वेगळं युजरनाव, आणि बिलात फक्त दोन रकाने भरायचे, "डिस्पॅच्ड थ्रू" आणि "डिस्पॅच डॉक नंबर". तेही एकदाच, माल गेल्यावर. बाकी सगळं माझ्या डेटाबेसमध्ये.

पण "डिस्पॅच डॉक नंबर" एकच, आणि नग तीन! काही कुरिअर अशा वेळी एक मास्टर नंबर आणि प्रत्येक खोक्याला पोटनंबर देतात. पोस्टात प्रत्येक वस्तूला स्वतंत्र नंबर. ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी एकच, तिच्यावर "नग ३" एवढंच. म्हणून माझ्याकडे दोन टेबलं: शिपमेंट आणि नग. नगाला स्वतःचं वजन, लांबी, रुंदी, उंची, स्वतःचा नंबर. टॅलीत जाणार फक्त मास्टर.

१५ एप्रिल, सोमवार

पिनकोड.

दराचं जुनं एक्सेल बघितलं. त्यात पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा धरलाय आणि जिल्ह्यावरून झोन: ४२५ म्हणजे जळगाव, ४२४ म्हणजे धुळे. खानदेशात हे चालत नाही. चाळीसगाव ४२४१०१, पाचोरा ४२४२०१, जामनेर ४२४२०६, आणि तिन्ही जळगाव जिल्ह्यात. उलट शिरपूर ४२५४०५, दोंडाईचा ४२५४०८, हे धुळे जिल्ह्यात. नंदुरबार शहर ४२५४१२. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आले ते टपालाची छाननी कुठे होते त्यावर बेतून. पहिले तीन आकडे छाननीचा जिल्हा सांगतात, कलेक्टरचा नाही.

त्यात १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आमच्या पार्टी मास्टरमध्ये (गिऱ्हाइकांच्या यादीत) शहादा आणि तळोद्याचे काही डीलर अजून "जि. धुळे"मध्ये बसलेत. एका जुन्या पार्टीच्या लेटरहेडवर तर "पू. खानदेश" आहे. माणूस बरोबरच आहे, कुरिअरच्या यादीत मात्र तो जिल्हा नाही.

शहरांच्या नावांचंही तेच. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव काही कुरिअरच्या यादीत नव्या नावाने सापडतात, काहींत जुन्याच. कुरिअरच्या एपीआयला (प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायची सोय) शहराचं नाव पाठवलं आणि जुळलं नाही की मागणी परत. म्हणून नियम केला: झोन, दर, सेवा आहे की नाही, सगळं पूर्ण सहा आकड्यांवरून. शहराचं नाव कुरिअरच्या स्वतःच्या यादीतून त्या पिनसमोर जे असेल तेच परत पाठवायचं. लेबलवर मात्र गिऱ्हाइकाने लिहिलेलं.

सेवा आहे की नाही, याचीही मजा आहे. "आहे", "नाही" आणि "ओडीए". तिसऱ्याचा अर्थ पोचवू, पण जास्तीचे पैसे लागतील, आणि कधी पोचवू ते विचारू नका. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडे बहुतेक कुरिअर एक तर ओडीए सांगतात नाहीतर नाहीच म्हणतात. तिथे स्पीड पोस्ट. सातपुड्यात पोस्टमन जातो.

स्पीड पोस्टचे नंबर सध्या काउंटरच्या पावतीवरून हाताने टाकावे लागणार. त्यातल्या चुका पकडायला सोपा उपाय आहे. दोन अक्षरं, आठ आकडे, एक ताळ्याचा आकडा आणि शेवटी देशाची खूण, असा हा आंतरराष्ट्रीय साचा. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणून बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी ११ मधून वजा. उत्तर १० आलं तर ०, ११ आलं तर ५. उदाहरणार्थ ४७३१२४८२: बेरीज २००, बाकी २, म्हणून नववा आकडा ९ च असला पाहिजे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की बहुतेक वेळा टाइप करतानाच लाल चौकट येते. बिलिंगच्या ताईंनी मुद्दाम चुकवून बघितलं, मग हसल्या.

२३ एप्रिल, मंगळवार

कुरिअरचं मागच्या महिन्याचं बिल आणि नानांनी लिहिलेली वजनं शेजारी शेजारी ठेवली. छोटी खोकी बरोबर. कॉइलचं प्रत्येक पार्सल मात्र तिपटीच्या आसपास.

यात चोरी नाही, हा घनफळाचा हिशेब आहे. १६ मिमी लॅटरलचा १०० मीटरचा कॉइल काट्यावर साधारण ४ किलो. आकार ५५ बाय ५५ बाय २० सेंटिमीटर. गुणाकार ६०,५००, भागिले ५०००, म्हणजे १२.१ किलो. दोन्हींतलं जे जास्त त्याचे पैसे. दुसऱ्या एका कुरिअरच्या करारात भाजक ४००० आहे, तिथे तोच कॉइल १५.१ किलोचा होतो. गोल वस्तू चौकोनी खोक्यात बसवून मोजतात, म्हणजे मधलं भोक आणि चारही कोपऱ्यांतली हवा आपल्या खर्चाने प्रवास करते.

वेबसाइटवर कॉइलचं भाडं ४ किलोच्या हिशेबाने घेतलं जातंय. म्हणजे प्रत्येक कॉइलवर कंपनी पदरचे घालते आणि ते "फ्रेट आउटवर्ड"च्या खात्यात शांतपणे जमा होतं. शेठना आकडे दाखवले. ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग प्रॉडक्शनच्या अण्णांना बोलावलं: कॉइल घट्ट गुंडाळता येईल का?

अण्णांनी पाइपाचा तुकडा हातात घेऊन वाकवला. "एवढ्यापर्यंत जातो. याच्या आत घेतला की मोड पडतो, आणि मोड पडलेल्या जागी शेतकरी पहिल्यांदा पाणी सोडेल तेव्हा चीर जाईल. मग तो पाइप परत कोणत्या कुरिअरने येईल ते बघा." ४५ बाय ४५ बाय २५ पर्यंत यायला ते तयार झाले. ५०,६२५ भागिले ५०००, १०.१ किलो. दोन किलो वाचले.

तेवढ्याने भागत नाही. कॉइल असलेली ऑर्डर जवळच्या पट्ट्यातली असेल तर आधी ट्रान्सपोर्टचं भाडं बघायचं, असा नियम घातला. ट्रान्सपोर्टवाला नगावर आणि खऱ्या वजनावर घेतो, भोकाचे पैसे लावत नाही. मात्र त्याला एपीआय नाही. त्याच्याकडे बिल्टी बुक आहे आणि एक पोरगा आहे, तो संध्याकाळी बिल्ट्यांचे फोटो पाठवतो. माझ्या टेबलात तोही एक कॅरिअर. फरक एवढाच, की त्याचा नंबर मशीनकडून न येता माणसाकडून येतो आणि "पेड" (भाडं भरलंय) की "टू पे" (माल घेणारा भरणार) हा रकाना त्याला जास्तीचा आहे. काही जण म्हणाले ट्रान्सपोर्ट सिस्टीमबाहेर ठेवा. बाहेर ठेवलं तर निम्मा माल बाहेर राहील आणि पुन्हा दोन ठिकाणी बघावं लागेल.

२७ एप्रिल, शनिवार

काटा जोडला. मागे संगणकाला जोडायचा आरएस-२३२ चा पोर्ट होता, कुणी वापरला नव्हता. काटा सारखा एक ओळ पाठवत राहतो: सुरुवातीला "एसटी" म्हणजे स्थिर, "यूएस" म्हणजे हलतंय, मग वजन. फक्त स्थिर ओळ घ्यायची, तीही लागोपाठ सारखी आली तरच. नानांना खोकं ठेवल्यावर त्यावर हात टेकून बोलायची सवय आहे, त्यामुळे ही अट हवीच.

स्क्रीनवर नानांसाठी चार बटणं, मोठी: छोटं खोकं, मोठं खोकं, गोणी, गोल. बटण दाबलं की मापं मास्टरमधून (ठरलेल्या मापांच्या यादीतून) येतात, वजन काट्यावरून. पुढचा नग ठेवला की पुढची ओळ. टायपिंग शून्य. त्यांनी चष्मा न लावता चालवून बघितलं आणि म्हणाले, "जमस." पाचवं बटण त्यांनीच मागितलं: "जुडगा". दोन छोटी खोकी पट्टीने एकत्र बांधतात ते. माझ्या यादीत ते नव्हतं, कुरिअरच्या बिलात मात्र वेगळ्या मापाने यायचं.

४ मे, शनिवार

दोन दिवस एकाच गोष्टीत.

कुरिअरच्या सर्व्हरला मागणी पाठवली, उत्तर यायच्या आत लाइन गेली. पार्सल त्यांच्याकडे तयार झालं की नाही, आपल्याला कळायला मार्ग नाही. पुन्हा पाठवलं तर दोन नंबर तयार होतात, दोन्हींचं पिकअप लागतं. पोरगा येतो, एकच खोकं नेतो, दुसऱ्या नंबरवर "पिकअप मिळाला नाही" असा शेरा बसतो. नाही पाठवलं तर खोकं गोडाऊनमध्येच. एमआयडीसीत वीज गेली की राउटर जातो, इन्व्हर्टरवर तो कुणी घेतलेला नव्हता. तो आता घेतला, पण त्यावर विसंबून कोड लिहीत नाही.

पद्धत अशी बसवली. मागणी पाठवण्याआधी ती आपल्या टेबलात "पाठवायचं" म्हणून लिहायची. प्रत्येक मागणीला आपला संदर्भ क्रमांक, व्हाउचरच्या जीयूआयडीपासून बनवलेला, त्यामुळे कितीही वेळा बनवला तरी तोच. उत्तर आलं नाही तर स्थिती "माहीत नाही". "माहीत नाही" असलेली मागणी पुन्हा पाठवायची नाही. आधी त्या संदर्भावर विचारायचं: तुमच्याकडे असं काही आहे का? असेल तर नंबर घ्यायचा, नसेल तरच पुन्हा.

आमच्या तीनपैकी दोन कुरिअर एकच संदर्भ दुसऱ्यांदा आला तर नाकारतात, ते उत्तम. तिसऱ्याच्या चाचणी सर्व्हरने नाकारलं, खऱ्या सर्व्हरने मुकाट घेतलं आणि नवा नंबर दिला. त्यांच्या मदत केंद्राला विचारलं. उत्तर आलं, "दोन्ही सर्व्हर सारखेच आहेत." बरं.

त्या एकासाठी मध्ये पाच मिनिटांची वाट, मग चौकशी, मग निर्णय. नाना विचारतात, पाच मिनिटं लेबल का नाही? स्क्रीनवर पिवळी पट्टी घातली: "कुरिअरला विचारतोय, पुढचं खोकं घ्या."

९ मे, गुरुवार

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. पॅकिंगच्या निम्म्या बाया आजपासूनच नाहीत. सासुरवाशिणी माहेरी गेल्या, माहेरच्यांकडे लेकी आल्या. झाडाला झोका बांधल्याचा फोटो बिलिंगच्या ताईंनी सकाळीच पाठवला, स्वतःही झोक्यावर. काम पुढच्या आठवड्यात. सोमवारी १३ तारखेला मतदान, तोही दिवस धरायचा नाही.

१४ मे, मंगळवार

सगळ्यांच्या बोटाला शाई. लेबल प्रिंटर आला, चार बाय सहा इंच, २०३ डीपीआय, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. त्याला आज्ञा द्यायची ती झेडपीएल भाषेत.

इंग्रजी पत्ता लगेच छापला. मराठी पत्ता टाकला आणि नाना लेबल उलटसुलट करून बघायला लागले: "ताई, हाई काय लिखेल शे?"

रावेर तालुक्यातलं खिर्डी होतं. छापून आलं ते असं: ख, त्याच्या नंतर वेगळी ऱ्हस्व वेलांटी, मग र, पाय मोडल्याची तिरपी रेघ, मग डी. वेलांटी अक्षराच्या मागे आणि रफार जमिनीवर. प्रिंटरला यूटीएफ-८ (अक्षरांचा संकेत) सांगितलं की तो अक्षरं ओळखतो, पण जोडाक्षर जुळवणं, ऱ्हस्व वेलांटी अलीकडे नेणं, रफार वर चढवणं हे वेगळं काम आहे, आणि ते साध्या फाँटने होत नाही. ते संगणकावरच करायचं आणि प्रिंटरला चित्र द्यायचं.

पूर्ण लेबलचं चित्र केलं तर ८१२ गुणिले १२१८ ठिपके, म्हणजे सव्वा लाख बाइट, आणि हेक्समध्ये पाठवताना त्याच्या दुप्पट. प्रत्येक लेबलला प्रिंटर विचारात पडतो. म्हणून फक्त पत्त्याचा पट्टा चित्र म्हणून: ८०० गुणिले २४० ठिपके, २४,००० बाइट. बारकोड आणि नंबर प्रिंटरच्या स्वतःच्या आज्ञेने. बारकोड तसाच चांगला येतो, रेघा ठिपक्यांवर नेमक्या बसतात.

काही जण म्हणाले, मराठी कशाला, कुरिअरला इंग्रजी चालतं. एपीआयला इंग्रजीच जातं, त्याला हरकत नाही. पण शेवटच्या गावात पार्सल ज्याच्या हातात असतं तो "पिंप्री बु." की "पिंप्री खु." हे मराठीत बघून क्षणात सांगतो. इंग्रजीत "बीके" आणि "केएच" होऊन कधी कधी ते टोक कापलंच जातं, कारण कुरिअरच्या पत्त्याच्या ओळीला अक्षरांची मर्यादा असते. पिंप्री खानदेशात कुठेही दगड टाका, सापडेल. आता मर्यादेत बसत नसेल तर ओळ शब्दाच्या सीमेवर मोडते आणि "बु.", "खु." आधीच्या नावाला चिकटून राहतं.

लेबलवर "नग १/३", "२/३", "३/३" असं ठळक छापलं. नानांनी सगळ्यात आधी तेच वाचलं.

२२ मे, बुधवार

एक डीलर म्हणाला, लेबल कोरं आलं. फोटोत खरंच कोरं: चौकट पुसट, बारकोड गेलेला. पार्सल पोचलं ते वरच्या मार्करच्या अक्षरांमुळे. नंतर आणखी एक तसंच. दोन्ही होज पाइपाची.

आमची लेबलं थर्मल कागदाची, त्यावर शाई नसतेच. कागदाच्या थरात रंग आणि त्याला उमटवणारं रसायन वेगवेगळं असतं, उष्णतेने ते एकत्र आले की काळं दिसतं. मऊ पीव्हीसीत प्लास्टिसायझर असतो, पाइपाला लवचीकपणा येतो तो त्याच्यामुळेच. तो हळूहळू पृष्ठभागावर येतो, लेबलच्या थरात शिरतो आणि काळं पुन्हा फिकं करतो. नानांनी लेबल थेट पाइपाच्या गुंडाळीवर चिकटवलं होतं, खोकं नव्हतंच. तेल लागल्यावरही असंच होतं. उलट, मे महिन्यात बंद गाडीत तापलं की कोरा भाग काळपट पडतो. जळगावच्या उन्हात दोन्ही बाजूंनी मार.

अण्णांना सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "पाइपावर पाइप ठेवून छापलेली रेघ जाते, ते आम्ही रोज बघतो."

प्रिंटर शाईच्या रिबिनीवरही चालतो. रिबीन घातली, साधा लेबल कागद लावला, सेटिंग बदललं. होज आणि कॉइलसाठी रिबीन, खोक्यांसाठी थर्मल, असा विचार होता. पण दर वेळी रोल बदलायला नाना तयार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. सगळंच रिबिनीवर. लेबलमागे खर्च थोडा वाढला.

जुन्या तुकड्यावर लेबल लावून तो पत्र्याखाली खिडकीत ठेवलाय. रिबिनीचं आणि थर्मलचं, शेजारी शेजारी. बघू.

२९ मे, बुधवार

ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीत काढायचा ऑनलाइन कागद. कुरिअरच्या पार्सलांना क्वचित लागतं, ट्रान्सपोर्टच्या मालाला नेहमी.

नियम कोडमध्ये घालताना गंमत कळली. राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वर माल गेला की ई-वे बिल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख. आमच्या दृष्टीने बऱ्हाणपूर म्हणजे रावेरच्या पुढे थोडंसं, रोजचं जाणंयेणं, सोयरिकी. नंदुरबार त्यापेक्षा लांब. पण ७०,००० चा माल नंदुरबारला गेला तर ई-वे बिल नको, बऱ्हाणपूरला गेला तर हवं, कारण ते मध्य प्रदेशात. सुरतचंही तसंच. ट्रान्सपोर्टवाल्यांना हे पाठ आहे, नव्या बिलिंगवाल्याला नसतं. आता पिनवरून राज्य ठरतं आणि मर्यादा आपोआप लागते. रक्कम जीएसटीसकट धरायची.

भाग "अ" (मालाची माहिती) आपण भरायचा, गाडीचा नंबर म्हणजे भाग "ब" ट्रान्सपोर्टवाला भरतो, त्याचा ट्रान्सपोर्टर आयडी आपण दिलेला असतो. मुदत भाग "ब" भरल्यापासून, दर २०० किमीला एक दिवस. १ जानेवारी २०२१ आधी १०० किमीला एक दिवस होता.

ई-वे बिल बिलावर निघतं, नगावर नाही. तीन नगांपैकी दोन आज आणि एक उद्याच्या गाडीत, असं गोडाऊनमध्ये सर्रास चालायचं. एकाच ई-वे बिलावर ते चालत नाही, उद्याच्या गाडीसोबत कागद नसतो. म्हणून सिस्टीममध्ये अट: बिलाचे सगळे नग स्कॅन झाल्याशिवाय "गाडी रवाना" बटण उजळत नाही. पहिल्याच दिवशी नाना आणि ट्रान्सपोर्टच्या ड्रायव्हरची यावरून बाचाबाची. ड्रायव्हरला निघायचं होतं, एक गोणी अजून शिवायची होती. बटण उजळलं नाही, गोणी शिवली गेली.

७ जून, शुक्रवार

मृग लागला. ऑर्डरी वाढल्या, कापूसवाले आणि मृगबागेचे केळीवाले दोघेही. सिस्टीम चालू ठेवून काम.

कुरिअरकडून स्थिती येते ती क्रमाने येत नाही. "पोचलं" आधी आणि "डिलिव्हरीसाठी निघालं" नंतर, असं दिसलं. आलेल्या वेळेवर भरवसा न ठेवता त्यांच्या स्कॅनची वेळ बघायची आणि "पोचलं" एकदा लागलं की मागे जायचं नाही. अपवाद फक्त "परत पाठवलं"चा. प्रत्येक कुरिअरचे शेरे वेगळे, पन्नासेक प्रकार. गिऱ्हाइकाला मेसेजमध्ये जातात फक्त पाच: निघालं, जवळ आलं, आज येईल, पोचलं, अडलं.

"अडलं"मध्ये सगळ्यात जास्त कारण "गिऱ्हाईक भेटलं नाही". दुपारी दोनला शेतकरी घरी भेटेल कसा? तो शेतात, फोनला रेंज नाही. तीनदा प्रयत्न, मग पार्सल परत, आणि परतीचं भाडंही आपल्यालाच. फोन करून विचारलं तर जवळजवळ प्रत्येकजण तेच म्हणाला, "कृषी केंद्रात ठेवा ना, मी संध्याकाळी नेईन." तर ऑर्डरच्या फॉर्मवर नवा रकाना: "घरी नसलात तर कुठे ठेवू?" उत्तर लेबलवर पत्त्याखाली छापतं. ज्यांचे पैसे आधी आलेत त्यांच्यासाठीच. पार्सल हातात देऊन पैसे घ्यायचे असतील तर केंद्रवाला का भरेल?

२१ जून, शुक्रवार

कुरिअरचं मे महिन्याचं बिल आलं. या वेळी ते सिस्टीममध्ये चढवलं. प्रत्येक नंबरसमोर आपलं वजन, आपलं घनफळ, त्यांनी लावलेलं वजन. जुळलेल्या ओळी हिरव्या, आणि त्या खूप आहेत. लाल ओळींचे दोन गट पडले.

पहिला गट जुडग्यांचा. आम्ही एक नग म्हणून पाठवलं, त्यांच्या हबमध्ये पट्टी सुटली, दोन नग झाले आणि दोन नगांचे पैसे लागले. यात भांडण नाही, पट्टी चांगली घ्यायची. नानांना आडवी-उभी दोन्ही पट्टी मारायला सांगितलं, ते म्हणाले पट्टीचा रोल आणा मग. बरोबर.

दुसरा गट कॉइलचा. आम्ही ४५ बाय ४५ बाय २५ लिहिलं, त्यांच्या मशीनने ५५ बाय ५५ बाय २० मोजलं. गोडाऊनमध्ये जाऊन बघितलं तर जुने, मार्चचे गुंडाळलेले कॉइल अजून रॅकवर होते, तेच गेले होते. मशीन खरं बोलत होतं. त्या ओळी मान्य केल्या. मास्टरमध्ये "गोल" बटणाचे दोन केले, "गोल जुना" आणि "गोल नवा". जुना संपला की बटण काढून टाकायचं.

राहिल्या मोजक्या ओळी, जिथे साधं छोटं खोकं दुप्पट वजनाने लावलंय. काट्यावर खोकं असताना वरच्या कॅमेऱ्याने घेतलेला फोटो, त्यात वजनाचा आकडा आणि लेबल एकत्र दिसतं, असा प्रत्येक नगाचा साठवलेला आहे. तक्रारीसोबत तेच जोडले. दोन ओळींची क्रेडिट नोट आली, बाकीच्यांवर "तपासणी चालू आहे".

खिडकीतला तुकडा: थर्मल लेबल पूर्ण गेलं, रिबिनीचं अजून वाचता येतं.

शेठ पुढच्या आठवड्यात कुरिअरच्या माणसाशी नव्या दरावर बसणार आहेत. त्यांना कॉइलचा एक तक्ता काढून दिला: भाजक ५००० असेल तर इतकं, ४००० असेल तर इतकं, ट्रान्सपोर्टने इतकं. किलोचा दर कमी करून भाजक खाली आणतात, तिकडे लक्ष ठेवा, असं मी त्यांना म्हणाले. करार झाला की भाजक आणि दर बदलायची जागा एकच आहे, सेटिंगच्या दुसऱ्या पानावर. बिलिंगच्या ताईंनी ती माझ्यासमोर एकदा बदलून, एका जुन्या कॉइलचं भाडं पुन्हा काढून, परत होती तशी केली.